ओळ कोठे संपते?

लिहिलेल्या मजकुरात जे डोळ्यांना दिसते तेवढेच असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. अक्षरे, काना-मात्रा, विरामचिन्हे ही सारी दिसतात. नक्कल करणाऱ्याच्या हातून त्यांत फरक पडला तर तो शोधूनही काढता येतो. 'ध'चा 'मा' झाल्याची पेशवाईतील आख्यायिका आपण सारेच जाणतो. परंतु मजकुरात न दिसणाराही एक भाग असतो. शब्द कोठे तुटतो, ओळ कोठे संपते, परिच्छेद कोठे बदलतो, ह्या गोष्टी अक्षरे सांगत नाहीत; त्या रिकामी जागा सांगते. कागदावर ही जागा खरोखरच कोरी असते. संगणकात मात्र ती कोरी नसते. 'येथे ओळ संपली' हे सांगण्यासाठी तेथे एक चिन्ह लिहून ठेवावे लागते. ते पडद्यावर दिसत नाही, पण फाईलमध्ये असते, जागा व्यापते आणि मजकुराबरोबर प्रवास करते. आणि हे चिन्ह कोणते असावे ह्याविषयी निरनिराळ्या संगणकांचे कधीच एकमत झाले नाही.

प्रस्तुत लेखात ह्या एका अदृश्य चिन्हाचा विचार करावयाचा आहे. विषय वरवर पाहता यंत्रज्ञांचा वाटेल. पण आज कला शाखेचा विद्यार्थीही बोलीतील शब्दांच्या याद्या, पोथ्यांची लिप्यंतरे, मुलाखतींची टिपणे संगणकावरच ठेवतो, आणि ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पाठवतो. ह्या प्रवासात मजकूर बिघडू शकतो, आणि पुष्कळदा तो बिघडल्याचे कळतही नाही. म्हणून ह्या विषयाची तोंडओळख आपल्यालाही असणे इष्ट आहे.

दोन प्रकारचे शेवट

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, आणि त्यासाठी संगणकाकडे जाण्याची गरज नाही. जुनी पोथी पुरेशी आहे. ओव्यांची हस्तलिखित पोथी उघडून पाहिली तर ओवी नव्या ओळीवर सुरू होत नाही असे दिसते. लेखनिक उजव्या समासापर्यंत लिहीत जातो, पान संपले की पुढच्या ओळीवर येतो. मग तेथे शब्द अर्धा राहिला तरी त्याला पर्वा नसते. ओवी संपल्याची खूण तो दंड देऊन आणि क्रमांक घालून करतो. म्हणजे पोथीत ओळीचा शेवट ही कागदाच्या रुंदीची गोष्ट आहे, तर ओवीचा शेवट ही रचनेची गोष्ट आहे. तीच ओवी छापील पुस्तकात येते तेव्हा प्रत्येक चरण नव्या ओळीवर मांडला जातो, आणि दंडाने जे काम केले होते त्यातले बरेचसे ओळ करू लागते. मोडी कागदपत्रांत तर एका सलग शिरोरेषेखाली शब्दही न तोडता लिहीत. कोठे थांबावयाचे हे वाचणाऱ्याच्या जाणकारीवर सोडलेले असे.

संगणकावरही हेच दोन प्रकार आहेत. पडद्याची रुंदी संपली म्हणून मजकूर खालच्या ओळीवर जातो, तो शेवट केवळ दिसण्यापुरता असतो. तो फाईलमध्ये कोठेही लिहिलेला नसतो. खिडकी रुंद केली की जागा बदलतो. दुसरा शेवट लिहिणाऱ्याने कळ दाबून मुद्दाम केलेला असतो, आणि तो चिन्हरूपाने साठवला जातो. गद्याच्या परिच्छेदात पहिल्या प्रकारचा शेवट चालतो. कवितेत मात्र प्रत्येक ओळीचा शेवट दुसऱ्या प्रकारचाच हवा; कारण ओळ कोठे मोडली हा कवितेच्या अर्थाचाच भाग आहे. आपल्याला येथून पुढे जे चिन्ह अभ्यासावयाचे आहे ते ह्या दुसऱ्या शेवटाचे.

टाइपरायटरचा वारसा

ह्या चिन्हाची कुळकथा टाइपरायटरपासून सुरू होते. ज्यांनी टायपिंगच्या वर्गात जुन्या यंत्रावर बोटे चालवली आहेत त्यांना आठवेल की, एकेक अक्षर उमटताना कागद धरणारा वरचा भाग, म्हणजे कॅरेज, डावीकडे सरकत जाते. ओळ संपत आली की घंटी वाजते. मग डाव्या हाताने दांडा ढकलला की दोन क्रिया घडतात: रूळ थोडा फिरून कागद एक ओळ वर सरकतो आणि कॅरेज मूळ जागी परत येते. हाताच्या एका झटक्यात दोन्ही होत असल्यामुळे ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही.

टेलिप्रिंटर आला तेव्हा मात्र हा भेद लक्षात घ्यावा लागला. तारेवरून दूरच्या यंत्राला अक्षरे पाठवता येतात, पण तेथे दांडा ढकलणारा हात नसतो. ती आज्ञाही संकेतानेच पाठवावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी डोनाल्ड मरे यांनी तारायंत्राची जी संकेतावली तयार केली तीत ह्या दोन क्रियांना दोन स्वतंत्र संकेत होते. एक 'कॅरेज रिटर्न', म्हणजे मूळ जागी परत ये. दुसरा 'लाइन फीड', म्हणजे कागद एक ओळ सरकव. संकेत वेगळे ठेवण्यात सोय होती. कॅरेज परत आणून कागद न सरकवला तर त्याच ओळीवर पुन्हा छापता येई, शब्द अधोरेखित करता येई किंवा ठळक करता येई.

दुसरे कारण निव्वळ वेळेचे होते. १९६३ मध्ये आलेला 'टेलिटाइप मॉडेल ३३' हा टेलिप्रिंटर सेकंदाला १० अक्षरे छापत असे. परंतु उजव्या टोकाला गेलेला छपाईचा भाग डाव्या टोकाला परत आणण्यास एका अक्षराच्या वेळेपेक्षा अधिक वेळ लागे. परतीची आज्ञा देऊन लगेच पुढचे अक्षर पाठवले तर ते वाटेतच कोठेतरी उमटे. म्हणून आधी 'परत ये' आणि मग 'कागद सरकव' असा क्रम रूढ झाला; कागद सरकेपर्यंत परतीचा प्रवासही उरकत असे. क्वचित ह्या जोडीनंतर काहीच न करणारी एकदोन रिकामी चिन्हेही पाठवीत, ती केवळ वेळ काढण्यासाठी.

१९६३ सालीच अमेरिकेत 'आस्की' ही संकेतावली प्रमाण म्हणून मान्य झाली. तीत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे, आणि ह्या दोन आज्ञांनाही आहेत: 'लाइन फीड'चा क्रमांक १०, 'कॅरेज रिटर्न'चा १३. पुढील विवेचनात सोयीसाठी आपण त्यांना दहा आणि तेरा असेच म्हणू.

एका चिन्हाचे चार पंथ

संगणकाच्या फाईलमध्ये कागद नाही, रूळ नाही, परत येणारी कॅरेजही नाही. तेथे फक्त ओळ संपल्याची नोंद हवी. मग यंत्राच्या दोन आज्ञांचे करावयाचे काय? ह्या प्रश्नाला निरनिराळ्या घराण्यांनी निरनिराळी उत्तरे दिली.

पहिले उत्तर असे की, फाईलमध्ये एकच चिन्ह ठेवावे, आणि छपाईच्या यंत्राला दोन आज्ञा लागत असतील तर त्या पाठवताना घालाव्यात. 'मल्टिक्स' ह्या प्रणालीने हा मार्ग धरला आणि दहा हे चिन्ह निवडले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या 'युनिक्स'ने तोच उचलला. पुढे 'लिनक्स'कडे तो वारशाने आला.

दुसरे उत्तर असे की, यंत्राला जे पाठवावयाचे तेच फाईलमध्ये जसेच्या तसे ठेवावे. म्हणजे तेरा आणि दहा ही जोडी. १९७४ च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांनी तयार केलेल्या 'सीपी/एम' प्रणालीत ही रीत होती. १९८१ मध्ये 'एमएस-डॉस'ने ती घेतली, आणि तेथून ती 'विंडोज'मध्ये आली.

तिसरे उत्तर 'अ‍ॅपल'चे. १९७७ च्या 'अ‍ॅपल टू'पासून आणि १९८४ च्या 'मॅकिंटॉश'पासून त्यांच्या यंत्रांवर नुसते तेरा वापरले जाई. २००१ मध्ये ह्या कंपनीने आपली प्रणाली युनिक्सच्या पायावर उभारली, तेव्हापासून तेथेही दहा हेच चिन्ह रूढ झाले. जुन्या फाईलींतून मात्र नुसते तेरा अजूनही भेटते.

चौथे उत्तर सर्वांत निराळे आहे. 'आयबीएम'च्या मोठ्या संगणकांवर पंच-कार्डांची परंपरा होती. १९२८ पासून त्या कार्डावर ८० रकाने असत. एक कार्ड म्हणजे एक ओळ, आणि प्रत्येक ओळ ८० अक्षरांचीच. मजकूर कमी असेल तर उरलेली जागा रिकामीच. ओळ किती लांब हे आधीच ठरलेले असेल तर शेवटाची खूण हवीच कशाला? म्हणून अशा फाईलींत ओळीच्या शेवटी कोणतेच चिन्ह नसते.

ह्या चारांपैकी कोणतेही उत्तर चूक नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. प्रत्येकामागे त्या त्या यंत्राचा व्यवहार आहे. घोटाळा उत्पन्न होतो तो एका घरातला मजकूर दुसऱ्या घरात जातो तेव्हा.

प्रवासात काय बिघडते

बिघाडाची रूपे ठरलेली आहेत, आणि रूप पाहून कारण ओळखता येते. जसे वैद्य लक्षणांवरून रोग ओळखतो.

सारा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसला, तर वाचणारा जोडीची वाट पाहत होता आणि फाईलमध्ये एकटे दहा होते असे समजावे. विंडोजवरील 'नोटपॅड' ह्या साध्या साधनाचा हा दोष वर्षानुवर्षे होता. २०१८ मध्ये तो दूर करण्यात आला. ह्याच्या उलट, प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपीसारखे चिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी 'एम' दिसला, तर फाईल विंडोजकडून युनिक्सकडे आली असे समजावे. 'एम' हे इंग्रजी वर्णमालेतील तेरावे अक्षर. तेथे न खपलेले तेरा ह्या रूपाने आपली ओळख देते. ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत गेल्या, तर कागद सरकला पण परतीची आज्ञा मिळाली नाही. सर्व ओळी एकमेकींवर छापल्या जाऊन शेवटचीच तेवढी उरली, तर परतीची आज्ञा मिळाली पण कागद सरकला नाही. प्रत्येक दोन ओळींमध्ये एक कोरी ओळ आली, तर जोडीतील दोन चिन्हे दोन स्वतंत्र शेवट म्हणून मोजली गेली.

ही झाली दिसणारी लक्षणे. ती त्रासदायक असली तरी घातक नाहीत, कारण ती लपत नाहीत. खरी भीती न दिसणाऱ्या बिघाडाची आहे. समजा, एखाद्या तालुक्यातील बोलीचे शब्द एका विद्यार्थ्याने विंडोजवर टिपले, प्रत्येक ओळीवर एक वाक्य. दुसऱ्याने ती फाईल लिनक्सवर नेऊन कोणता शब्द किती वेळा आला ह्याची मोजदाद केली. मोजणाऱ्या साधनाने रिकामी जागा आणि दहा एवढेच शब्दांचे तुटण्याचे ठिकाण मानले, तर प्रत्येक ओळीतल्या शेवटच्या शब्दाला एक तेरा चिकटलेले राहील. मग वाक्याच्या मध्ये आलेला 'नदी' आणि ओळीच्या अखेरीस आलेला 'नदी' हे त्या साधनाच्या लेखी दोन भिन्न शब्द ठरतील. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. म्हणजे ह्या घोटाळ्याचा सर्वांत मोठा फटका क्रियापदांच्याच संख्येला बसेल. यादी पाहणाऱ्याला काही खटकणार नाही. दोन्ही 'नदी' तंतोतंत सारखे दिसतील. आणि त्या संख्यांवर प्रबंधाचे एखादे प्रकरण उभे राहील.

आज्ञांच्या फाईलींतही असेच घडते. युनिक्सवर अशा फाईलीच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या साधनाने चालवावी त्याचे नाव असते. त्या नावाच्या शेवटी तेरा चिकटले की यंत्र त्या विचित्र नावाचे साधन शोधू लागते आणि 'असे काही सापडत नाही' म्हणून थांबते. नाव तर डोळ्यांसमोर शुद्ध दिसत असते!

दुभाष्याची योजना

ह्या अडचणीवर उपाय फार पूर्वीच शोधला गेला, आणि त्यात एका भारतीयाचा वाटा आहे ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय. कानपूरच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी अभय भूषण यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. येथे असताना एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल पाठवण्याच्या नियमांचा पहिला मसुदा लिहिला. हे नियम पुढे 'एफटीपी' ह्या नावाने सर्वत्र ओळखले गेले. त्यांत सुधारणा होत होत १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांच्या हातून त्यांना जे रूप आले तेच पुढे प्रमाण मानले गेले.

ह्या नियमांतील तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. पाठवणाऱ्याने समोरच्या यंत्राची रीत काय आहे हे विचारावयाचेच नाही. मजकूर पाठवताना आपल्या घरातील चिन्ह बदलून त्याच्या जागी तेरा-दहा ही ठरलेली जोडी घालावयाची, आणि घेणाऱ्याने ती जोडी काढून आपल्या घरची रीत लावावयाची. वाटेवर सर्वांचे रूप एकच. ह्यात श्रम किती वाचतात ते पाहा. दहा प्रकारच्या प्रणाली असतील आणि प्रत्येकीने उरलेल्या नऊंशी थेट व्यवहार करावयाचा ठरवला, तर ९० दुभाषी लागतील. मध्ये एक समान रूप ठेवले की प्रत्येकीला जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोनच, म्हणजे एकूण २० पुरतात. भाषेच्या अभ्यासकांना ह्यात प्रमाणभाषेचे कार्य दिसेल. घरात वऱ्हाडी बोलावी, मालवणी बोलावी. चारचौघांच्या लेखी व्यवहारापुरते एक रूप सर्वांनी मान्य करावे. त्याने घरची बोली हीन ठरत नाही.

'एफटीपी'चा वापर आज मागे पडला आहे. ई-मेलच्या देवघेवीत मात्र तीच जोडी अजून प्रमाण आहे. आपण कोणत्याही यंत्रावरून पत्र धाडले तरी वाटेत त्याच्या ओळी तेरा-दहानेच संपतात.

मात्र ह्या योजनेला एक अट आहे. जे पाठवावयाचे ते मजकूरच असले पाहिजे. छायाचित्राच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या फाईलीतही दहा आणि तेरा हे आकडे येतात, पण तेथे त्यांचा ओळीशी संबंध नसतो. तेथे ते रंगाचे किंवा आवाजाचे माप असतात. दुभाष्याने तेथे भाषांतर केले की चित्र कायमचे बिघडते. म्हणूनच 'एफटीपी'मध्ये 'मजकूर' आणि 'जसेच्या तसे' असे दोन प्रकार ठेवले होते, आणि काही न सांगितल्यास यंत्र 'मजकूर' हा प्रकार गृहीत धरी. पोथीच्या पानाचे छायाचित्र पाठवताना हे सांगावयाचे राहिले की पलीकडे निकामी फाईल पोहोचे.

'पीएनजी' ह्या चित्रप्रकाराच्या कर्त्यांनी १९९६ मध्ये ह्यावर मोठी मार्मिक युक्ती योजली. अशा प्रत्येक चित्राच्या आरंभी आठ ठरलेले आकडे असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. त्यांत तेरा-दहा ही जोडीही आहे आणि एकटे दहाही आहे. वाटेत कोणी दुभाष्याने ओळींची चिन्हे बदलली, तर ह्या दोहोंपैकी एक तरी बदललेच पाहिजे. चित्र उघडणारे साधन पहिले आठ आकडे तपासते आणि फाईल बिघडली असल्यास तेथेच ओळखते.

'ऊ'चा 'ऍ'

आता मराठीपुरता एक विशेष प्रकार पाहू. संगणकाची फाईल म्हणजे शेवटी ० ते २५५ मधल्या आकड्यांची माळ असते. त्या प्रत्येक आकड्याला बाइट म्हणतात. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना जे क्रमांक आहेत ते एका बाइटात मावत नाहीत. 'यूटीएफ-१६' ह्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर दोन बाइटांत लिहितात. ज्या प्रकारात मोठा भाग आधी येतो त्यात 'ऊ' म्हणजे ९, १० आणि 'स' म्हणजे ९, ५६. आता 'ऊस' हा शब्द घ्या. त्याची माळ झाली ९, १०, ९, ५६.

एखाद्या जुन्या दुभाषी साधनाला वाटते की प्रत्येक दहा म्हणजे ओळीचा शेवट. ते त्या दहाच्या आधी तेरा घालते. माळ होते ९, १३, १०, ९, ५६. आता दोन-दोन बाइटांनी वाचू लागा. ९, १३ म्हणजे 'ऍ'. पुढे १०, ९ म्हणजे गुरुमुखी लिपीतील 'उ'. उरलेले ५६ पुढच्या अक्षराच्या ९ शी जोडले जाऊन एक चिनी अक्षर बनते. तेथून पुढचा सारा मजकूर एका बाइटाने सरकलेला, म्हणून निरर्थक. 'ध'चा 'मा' करायला निदान माणूस लागला. येथे 'ऊ'चा 'ऍ' एका प्रामाणिक यंत्राने केला, आणि शेतातल्या उसाचे पंजाब-चीन झाले! आपल्या शेजारच्या गुजरातीची स्थिती ह्याहून बिकट आहे. गुजराती आणि गुरुमुखी ह्या दोन्ही लिप्यांच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइटच दहा आहे.

'यूटीएफ-८' ह्या पद्धतीत हा धोका नाही. १९९२ मध्ये केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती अशी रचली की, आस्कीबाहेरच्या अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठाच असतो. तेथे 'ऊ' म्हणजे २२४, १६४, १३८. ओळीच्या चिन्हाचा दहा आणि अक्षराच्या पोटातला दहा ह्यांची गल्लत होण्यास वावच ठेवलेला नाही. मराठी मजकूर ठेवताना ही पद्धत का पसंत करावी, ह्याचे हे एक भक्कम कारण आहे.

युनिकोडच्या कर्त्यांनी ओळीच्या चिन्हाचा गोंधळही मिटवून पाहिला. त्यांनी ओळ संपल्याचे ८२३२ क्रमांकाचे आणि परिच्छेद संपल्याचे ८२३३ क्रमांकाचे अशी दोन नवी, निःसंदिग्ध चिन्हे दिली. विचार अगदी योग्य होता, कारण ओळ आणि परिच्छेद ह्यांतला भेद त्यामुळे प्रथमच लेखी आला असता. परंतु रूढी बलवत्तर ठरली. लोक दहा आणि तेरालाच चिकटून राहिले, आणि पंथ कमी होण्याऐवजी आणखी दोन चिन्हांची भर मात्र पडली.

व्यवहारात काय करावे

ह्या सर्व विवेचनातून काही व्यावहारिक नियम निघतात. ते थोडक्यात असे.

पहिला नियम: मूळ फाईल जशी आली तशी एक प्रत बाजूला ठेवावी. बदल दुसऱ्या प्रतीवर करावेत.

दुसरा नियम: फाईलमध्ये काय आहे ते आधी पाहावे, तर्क करू नये. चांगली संपादन-साधने खालच्या पट्टीत ओळीचा प्रकार दाखवतात. साधे गणितही उपयोगी पडते. १,२०० ओळींची फाईल नुसत्या दहाच्या रूपात ४८,००० बाइटांची असेल, तर जोडीच्या रूपात ती बरोबर ४९,२०० बाइटांची भरली पाहिजे. प्रत्येक ओळीमागे एक, ह्याहून कमी-अधिक फरक आला तर काहीतरी मिश्र आहे.

तिसरा नियम क्रमाचा आहे. मिश्र फाईल एकरूप करताना आधी तेरा-दहा ह्या जोडीच्या जागी एक दहा घालावे, आणि त्यानंतरच उरलेल्या एकट्या तेराच्या जागी दहा घालावे. क्रम उलटला तर जोडीतील तेराचेही दहा होऊन प्रत्येक ओळ दुप्पट होते. सारे एकरूप झाल्यावर मग हवे ते अंतिम रूप द्यावे. ह्यासाठी 'डॉस-टू-युनिक्स' सारखी तयार साधने मिळतात.

चौथा नियम: एका प्रवासात दुभाषी एकच असावा. आपण हाताने रूपांतर केले आणि वाटेत यंत्रानेही केले, तर तेरा-तेरा-दहा अशी त्रिकुटे तयार होतात. अनेकांनी मिळून एकाच मजकुरावर काम करावयाचे असेल तर सामाईक साठ्यात कोणते रूप राहील हे आरंभीच ठरवून लिहून ठेवावे. 'गिट'सारख्या साधनांत तशी सोय आहे. न ठरवल्यास एकाने एक शब्द सुधारला तरी साधन 'सर्व ओळी बदलल्या' असे सांगते, आणि खरी सुधारणा त्या गर्दीत हरवते.

पाचवा नियम: चित्रे, ध्वनिमुद्रणे, दाबून बांधलेल्या फाईली ह्यांना हात लावू नये. आणि मजकूर असला तरी तो कोणत्या पद्धतीने लिहिला आहे हे कळल्याशिवाय रूपांतर करू नये.

सहावा नियम कवितेसाठी. ई-मेलच्या काही साधनांत लांब परिच्छेद सुमारे ७८ अक्षरांवर तोडून पाठवण्याची रीत आहे. असे तोडलेले परिच्छेद पुन्हा जोडणारी साधनेही आहेत. अशा साधनाच्या हाती कविता गेली की तिच्या ओळी जोडल्या जाऊन तिचे गद्य होते, कारण कागदाचा शेवट कोणता आणि कवीचा शेवट कोणता हे केवळ दहा-तेरावरून त्याला कळत नाही. म्हणून कविता, ओव्या, लोकगीते पाठवताना ती स्वतंत्र फाईल म्हणून जोडावीत, कडव्यांमध्ये कोरी ओळ ठेवावी, आणि शक्य तेथे चरणांना क्रमांक द्यावेत. पोथीच्या लेखनिकाने दंड आणि आकडा देऊन हीच खबरदारी घेतली होती. पान बदलले, रुंदी बदलली, नक्कल करणारा बदलला, तरी ओवी ओवीच राहिली. कारण तिचा शेवट त्याने रिकाम्या जागेच्या भरवशावर सोडला नव्हता.

समारोप

दहा आणि तेरा ह्यांचा हा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. टेलिप्रिंटरचा खडखडाट केव्हाच थांबला. परत येणारी ती कॅरेज आता पदार्थसंग्रहालयात जमा झाली. पण तिला दिलेली आज्ञा आजही जगातल्या कोट्यवधी फाईलींत प्रत्येक ओळीच्या अखेरीस मुकाट्याने उभी आहे. भाषेतही असे घडतेच. प्रत्यय झिजतो, त्याचे कारण विस्मरणात जाते, आणि रूप मात्र चालत राहते. अशा अवशेषांवर रागावून उपयोग नसतो. ते ओळखून त्यांच्याशी व्यवहार करावा लागतो.

पाठभेदांचा अभ्यास करणारा जुन्या प्रतींतील अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. उद्याच्या अभ्यासकाच्या हाती आपण आज साठवलेल्या फाईली येणार आहेत. त्यांतील अक्षरे शुद्ध राखणे हे आपले काम आहेच. पण अक्षरांच्या मागे उभी असलेली ही न दिसणारी चिन्हे सांभाळणे हेही त्याच कामाचा भाग आहे. मजकूर सोपवणे म्हणजे जे दिसते आणि जे दिसत नाही ते दोन्ही नीट सोपवणे होय.